वृद्ध रुग्णाचे तातडीच्या वेळी निदान चुकले तर : सांगली-मिरजेकडील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा तासगाव तालुक्यातील एखाद्या गावी घरातील वृद्ध माणसाची तब्येत रात्री अचानक बिघडली, तर पुढचा प्रवास बहुधा ठरलेला असतो : आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा एखादे छोटे खासगी रुग्णालय, आणि तिथे जमले नाही तर सांगली किंवा मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून सीमेपलीकडच्या कर्नाटकातील गावेही उपचारांसाठी मिरजेकडे पाहत आली आहेत. या तीन-चार टप्प्यांत कोठे तरी खरा आजार निसटतो, ‘गॅस आहे’, ‘अशक्तपणा आहे’, ‘वयोमानाने होते’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते, आणि दोन दिवसांनी दुसऱ्या रुग्णालयात कळते की तो हृदयविकाराचा झटका होता किंवा मेंदूत रक्तस्राव झाला होता. अशा वेळी कोणत्या क्रमाने काय करावे आणि काय करू नये, हे प्रथमच या प्रसंगात सापडलेल्या कुटुंबांसाठी येथे सांगितले आहे. ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच लागतो.

आधी प्रश्न नीट मांडावा

निदान चुकले एवढ्यावरून कायदा डॉक्टरला दोषी धरत नाही. पुण्यातील एका डॉक्टरांच्या प्रकरणात, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या १९६८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरचे कर्तव्य तीन ठिकाणी पाहावे असे सांगितले : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने पुढे स्पष्ट केले की तुलना अत्यंत निष्णात तज्ज्ञाशी करायची नसून त्याच शाखेतील सर्वसाधारण सक्षम डॉक्टरशी करायची असते. घरच्यांच्या मनात ‘त्यांना कळले कसे नाही?’ हा प्रश्न असतो, तर भरपाईची तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगापुढे ‘कळण्यासाठी जे करायला हवे होते, ते त्यांनी केले का?’ हा प्रश्न चालतो. या दोन प्रश्नांतील अंतर लक्षात न आल्यामुळे बऱ्याच तक्रारी दुबळ्या राहतात, असे माझे मत आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि डोक्याला खोक पडली. हृदयाच्या आजारामुळे त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होत्या. रुग्णालयात टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन व वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि तासाभरात घरी सोडले. गोळ्यांची चौकशी केली नाही, सीटी स्कॅन केला नाही, घरी कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवावे हेही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी आजी सुस्तावल्या, शब्द अडखळू लागले आणि मिरजेत केलेल्या स्कॅनमध्ये कवटीखाली रक्त साचलेले दिसले. येथे तक्रारीला आधार आहे. आता याच आजींचा स्कॅन पहिल्याच दिवशी केला, तो निर्दोष आला, गोळीची नोंद केसपेपरवर झाली, ‘उलटी, झोपाळूपणा, बोलण्यात फरक दिसल्यास ताबडतोब आणावे’ असे डिस्चार्ज कार्डावर लिहून दिले आणि तरीही तिसऱ्या दिवशी रक्त साचले, असे समजा. आजींचे दुखणे तेच, खर्च तोच. पण निष्काळजीपणा सिद्ध होणे जवळजवळ अशक्य. म्हणून तक्रार लिहिण्याआधी आपले प्रकरण या दोन टोकांच्या मध्ये कोठे बसते, हे प्रामाणिकपणे तपासावे.

उतारवयात आजार वेगळ्या रूपात येतो

तक्रारदाराला वैद्यकशास्त्र यायला हवे असे नाही, परंतु वृद्धांमध्ये निदान कोठे निसटते याची ढोबळ कल्पना असली तर कागदपत्रांत काय शोधायचे ते कळते. हृदयविकाराच्या झटक्यात, विशेषतः मधुमेही वृद्धांत, छातीत न दुखता नुसता दम लागणे, घाम फुटणे, मळमळणे किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळणे एवढेच घडू शकते आणि ते ॲसिडिटी म्हणून सोडून दिले जाते. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी तो आल्यापासून दहा मिनिटांत काढावा, असे हृदयरोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात; पहिला ईसीजी निर्दोष असला तरी संशय असल्यास तो पुन्हा काढावा लागतो, कारण ट्रोपोनिन ही रक्तचाचणीसुद्धा झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत निर्दोष येऊ शकते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्यामुळे तोल जाणे आणि गरगरणे यांना ‘मानेचा त्रास’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवले असेल, तर गेलेली वेळ परत मिळत नाही.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, आणि घरातले व डॉक्टर दोघेही त्याला ‘म्हातारचळ’ समजतात. प्रत्यक्षात न्यूमोनिया, लघवीतील संसर्ग किंवा सोडियम कमी झाल्याचा तो परिणाम असू शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळे साखर फार खाली गेली तर पक्षाघातासारखे चित्र दिसते, आणि ते ग्लुकोमीटरवर मिनिटभरात कळण्यासारखे असते. आतडे फुटले तरी पोट ताठर लागेलच असे नाही. खुब्याचे बारीक फ्रॅक्चर साध्या एक्स-रेमध्ये न दिसण्याची शक्यता असते, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, चालवा’ असे सांगितल्यावरही पाय टेकवत नसेल, तर पुढची तपासणी अपेक्षित असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे आतून रक्तस्राव होत असतानाही नाडी शांत दिसते. म्हणूनच वृद्ध रुग्णाच्या चालू गोळ्यांची यादी पहिल्या केसपेपरवर आहे की नाही, हे मी सर्वांत आधी पाहण्यास सांगतो. घरच्यांनीही अशी यादी रुग्णाच्या पाकिटात लिहून ठेवावी.

रुग्ण अजून उपचार घेत असेल तर

तक्रारीपेक्षा रुग्ण महत्त्वाचा, हे सांगण्याची गरज पडू नये. पण भांडणाच्या भरात हलवाहलव लांबते हे खरे आहे. दुसरे मत हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे आणि रुग्ण हलवायचा ठरल्यास रेफर चिठ्ठीवर आतापर्यंतचे निदान, दिलेली औषधे आणि निघण्याची वेळ लिहून घ्यावी. ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर रुग्ण नेत आहोत’ असा मजकूर पुढे केला जातो, तेव्हा न वाचता सही करू नये. रुग्णालयानेच हलवण्यास सांगितले असेल, तर सहीच्या वर तेवढे एक वाक्य आपल्या हस्ताक्षरात लिहावे. पुढे ‘नातेवाइकांनी सल्ला डावलून रुग्ण नेला’ हा बचाव घेतला गेला, तर हेच वाक्य कामी येते.

राग कितीही आला तरी हात उचलू नये, काच फोडू नये, डॉक्टरांना घेराव घालू नये. महाराष्ट्रातील २०१० च्या कायद्यानुसार वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर किंवा संस्थेवर हिंसा करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. अशी एक घटना घडली की मूळ तक्रार बाजूला पडते.

कागदपत्रे हाती घ्यावीत, आणि लवकर

डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. मागणी तोंडी करू नये. साध्या मराठीत अर्ज करावा, त्यात रुग्णाचे नाव, वय, दाखल झाल्याची तारीख व नोंदणी क्रमांक द्यावा, रुग्ण हयात असल्यास त्याचे अधिकारपत्र आणि मृत्यू झाला असल्यास वारस असल्याचा कागद जोडावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घ्यावी. पोहोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी. मुदतीत कागद मिळाले नाहीत, तर तो नकारच पुढे रुग्णालयाविरुद्ध मुद्दा ठरतो.

‘फाइल द्या’ एवढे म्हटले की बहुधा डिस्चार्ज कार्ड आणि बिल हाती पडते. म्हणून मागणी नावानिशी करावी : अपघात विभागातील पहिला केसपेपर, डॉक्टरांच्या दैनंदिन नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजनचा तक्ता, औषधे दिल्याचा तक्ता, सर्व तपासण्यांचे अहवाल, ईसीजीच्या मूळ पट्ट्या, संमतिपत्रे आणि स्कॅनची सीडी. यांत परिचारिकांच्या नोंदी सर्वांत बोलक्या असतात, कारण ‘रात्री दोन वाजता रुग्ण बेचैन, डॉक्टरांना फोनवर कळवले’ अशी ओळ डॉक्टरांच्या नोंदीत नसली तरी तेथे सापडते. ईसीजीची पट्टी उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत पुसट होते, तेव्हा मिळाल्याच्या दिवशीच तिची झेरॉक्स काढावी. सीसीटीव्हीचे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते. रुग्ण किती वेळ बाहेर बाकावर बसून होता हे सिद्ध करायचे असेल, तर ते जपून ठेवावे अशी लेखी विनंती लगेच करावी. १०८ रुग्णवाहिकेने नेले असल्यास तिच्या नोंदीही मागाव्यात, कारण त्यांत निघण्याची व पोहोचण्याची वेळ आणि वाटेतली प्रकृती असते. मेडिकल दुकानाच्या पावत्या फेकू नयेत. कोणते औषध किती वाजता आणायला सांगितले, याचा तोही एक पुरावा आहे.

सरकारी रुग्णालय असेल, म्हणजे सांगलीचे सिव्हिल, मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा एखादे ग्रामीण रुग्णालय, तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करण्याचा मार्गही खुला आहे आणि त्यात उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

तासांचा तक्ता

कागद आल्यावर वकिलाकडे धावण्याआधी घरातल्या दोन-तीन माणसांनी बसून एक तक्ता करावा. डाव्या रकान्यात दिनांक व वेळ, मधल्या रकान्यात काय घडले आणि कोण काय म्हणाले, उजव्या रकान्यात त्याचा पुरावा. त्रास केव्हा सुरू झाला, कोणाला फोन केला, रुग्णालयात किती वाजता पोहोचलो, पहिल्यांदा कोणी तपासले, ते त्या शाखेचे डॉक्टर होते की रात्रपाळीचे निवासी डॉक्टर, मोठ्या डॉक्टरांना केव्हा कळवले आणि ते केव्हा आले, कोणती तपासणी सांगितली आणि ती कोणी नाकारली, हे सर्व त्यात यावे. आपल्या बाजूला न साजणारी गोष्टही लिहावी. खर्चामुळे आपणच स्कॅन नको म्हटले असेल किंवा दुखणे सुरू झाल्यावर घरी एक दिवस काढला असेल, तर समोरचा वकील ते शोधून काढणारच आहे. फोनमधील कॉलची यादी, व्हॉट्सॲपवरील संदेश आणि छायाचित्रांवरील वेळ यांमुळे विस्मरणाने सुटलेले तास भरून निघतात. तो फोन विकू नये किंवा कोरा करून कोणाला देऊ नये, कारण मूळ उपकरणाची गरज लागू शकते.

असा तक्ता तयार झाला की गुंता बराच सुटतो. पुष्कळदा असे दिसते की ज्या मोठ्या रुग्णालयावर राग होता तेथे रुग्ण पोहोचला तेव्हाच उशीर झाला होता, आणि खरी ढिलाई आधीच्या टप्प्यावर होती. उलटही घडते.

मृत्यू झाला असेल तर

हा भाग लिहिणे जड जाते, परंतु निर्णयासाठी हाती काही तासच असतात. निष्काळजीपणाचा गंभीर संशय असेल आणि मृत्यूचे कारण निश्चित झालेले नसेल, तर अंत्यसंस्कारापूर्वी पोलिसांना कळवून शवविच्छेदनाची मागणी करावी. वृद्ध माणसाच्या बाबतीत ‘आता कशाला हाल’ म्हणून कुटुंबे ते टाळतात. त्यामागची भावना कोणालाही समजेल, पण त्यानंतर मृत्यू नेमका कशाने झाला हे केवळ कागदांवरून सिद्ध करावे लागते. स्कॅनमधून किंवा शस्त्रक्रियेतून कारण आधीच स्पष्ट झाले असेल, तर शवविच्छेदनाचा आग्रह धरण्याची आवश्यकता मला वाटत नाही. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. त्यात केवळ ‘हृदय व श्वसन बंद पडल्याने’ असे लिहिले असेल, तर ती मृत्यूची पद्धत झाली, कारण नव्हे. मागे राहिलेल्या बिलासाठी मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही.

तज्ज्ञाचे मत

सांगली-मिरजेचे वैद्यकीय विश्व लहान आहे. येथे शिकलेले, एकत्र काम केलेले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लेखी मत द्यायला कचरतात आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुणे, मुंबई किंवा बेळगाव येथील त्याच शाखेचे तज्ज्ञ, किंवा वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक गाठावेत. त्यांना ‘डॉक्टरची चूक आहे ना?’ असे विचारू नये. तक्ता आणि कागद पुढे ठेवून दोन प्रश्न लेखी विचारावेत : या लक्षणांवरून, त्या वेळी उपलब्ध सोयींत, सक्षम डॉक्टरने काय केले असते, आणि ते वेळेवर झाले असते तर परिणाम बदलण्याची शक्यता किती होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर मोठ्या भरपाईची आशा ठेवू नये.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे मात्र नाही. व्ही. किशन राव यांच्या २०१० च्या प्रकरणात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले आणि त्या महिलेचा मृत्यू झाला. चूक उघड दिसत असेल तर तज्ज्ञाच्या मताशिवायही ग्राहक मंच (आताचा ग्राहक आयोग) निर्णय देऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने तेथे म्हटले. निदान चुकल्याच्या तक्रारींत हा निकाल वकिलाला अवश्य दाखवावा.

दाद कोठे मागावी

खासगी रुग्णालयाविरुद्ध भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरले आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते टिकले आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. रुग्ण मरण पावला असेल तर वारस तक्रार करू शकतात, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती करता येते. म्हणजे आई कोल्हापूरच्या रुग्णालयात असली तरी विट्याच्या मुलाला सांगलीतच दाद मागता येते. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो अधिकारक्षेत्राबाबत. कोणत्या आयोगाकडे जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. दिलेले बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ते ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. दोन लाखांचे बिल भरून चाळीस लाखांची भरपाई मागणारा अर्जही त्यामुळे जिल्हा आयोगातच, विनाशुल्क चालतो. वकील सक्तीचा नाही, तरी या विषयात तो असावा. समोरच्या पक्षाला म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वर्षे लागतात, हे मनाशी धरूनच उतरावे.

ज्या सरकारी रुग्णालयात सर्वांनाच सेवा मोफत मिळते, ते या कायद्याच्या बाहेर राहते. तेथे वरिष्ठांकडे तक्रार, दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय असे मार्ग उरतात. शासनाविरुद्ध दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि मुदतीही निराळ्या असल्याने वकिलाला लवकर भेटावे.

डॉक्टरच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी स्थगित किंवा रद्द करू शकते, परंतु पैसे देववत नाही. तक्रारीआधी डॉक्टरची नोंदणी कोठे आहे ते पाहावे, कारण आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, आणि छोट्या रुग्णालयांत रात्रपाळीला अनेकदा हेच डॉक्टर असतात. रुग्णालयातील सोयी, दरफलक, रुग्णहक्कांची सनद अशा गोष्टींबद्दलची तक्रार नोंदणी देणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाकडे करावी. महापालिका हद्दीत ते काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो.

पोलिसांकडे सर्वांत आधी धावण्याची प्रवृत्ती दिसते, पण तो मार्ग सर्वांत अरुंद आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो आणि कारवाईपूर्वी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असे जेकब मॅथ्यू निकालात सांगितले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. दारू पिऊन आलेला डॉक्टर, बोगस पदवी, बदललेला केसपेपर असे काही असेल तर पोलीस ठाणे गाठावेच. केवळ चुकलेल्या निदानासाठी तेथे वेळ घालवू नये.

‘वय झाले होते’ या युक्तिवादाचे काय

हा बचाव येणारच. त्याला उत्तर म्हणून रुग्ण आजारापूर्वी कसा जगत होता याचा पुरावा गोळा करावा : स्वतः पेन्शन आणायला बँकेत जात होता, द्राक्षबागेत फेरी मारत होता, नातवंडांना शाळेत सोडत होता. बँकेच्या स्लिपा, शेजाऱ्यांची शपथपत्रे, आधीच्या तपासण्यांचे निर्दोष अहवाल यांना येथे मोल आहे. भरपाईचा हिशेब अपघाताच्या दाव्याप्रमाणे वय आणि उत्पन्न यांचा गुणाकार करून काटेकोरपणे करण्याचे बंधन वैद्यकीय निष्काळजीपणात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा निकालात म्हटले आहे. म्हणून कमावत्या नसलेल्या आजींसाठीही उपचारांचा वाढीव खर्च, भोगलेल्या वेदना, शुश्रूषेसाठी ठेवलेल्या बाईचा पगार आणि कुटुंबाने गमावलेला सहवास या प्रत्येकाची वेगळी रक्कम दाखवावी. एकच गोल आकडा लिहू नये.

दरम्यान कोणी मध्यस्थ तडजोडीचा प्रस्ताव घेऊन येण्याची शक्यता असते. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे ग्राहक आयोगाच्या मध्यस्थी केंद्राकडे पाठवता येत नाहीत, त्यामुळे अशी बोलणी खासगीच असतात. ती करण्यात गैर काही नाही. मात्र रक्कम लेखी असावी, ती बँकेमार्फत यावी आणि सहीआधी वकिलाने मसुदा वाचलेला असावा. जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला, तर राज्य आयोगाकडे अपील करण्यासाठी आदेशाच्या तारखेपासून ४५ दिवस मिळतात. प्रमाणित प्रतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज द्यावा.